संसार मांडल्याची वजावट

वाशीम जिल्ह्यात तालुके सहा: वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. सहाही तहसिलींत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे काम चालते, आणि दिव्यांग माणूस तिथे अर्ज घेऊन गेला की त्याच्याकडे मागितल्या जाणाऱ्या कागदांत दोन कागद महत्त्वाचे असतात. एक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. त्यावर त्याच्या शरीराचा हिशेब टक्क्यांत मांडलेला असतो. दुसरा उत्पन्नाचा दाखला. त्यावर त्याचा एकट्याचा हिशेब नसतो, सगळ्या कुटुंबाचा असतो. पहिला कागद बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर तसाच राहतो. दुसरा लग्नाने बदलतो. पाय तेवढाच लुळा, डोळे तेवढेच अंध, पण ज्याच्याशी किंवा जिच्याशी घर मांडले त्याची मजुरी दाखल्यात आली की माणूस सरकारी अर्थाने निराधार राहत नाही आणि ‘निराधारचा पगार’ बंद होण्याची वेळ येते. याला कारकुनी आडमुठेपणा म्हणून सोडून देता येईल, पण ते खरे नव्हे. कारकून नियमाप्रमाणेच वागतो. नियमच असा का आहे, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आजच्या मंत्रालयापेक्षा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळी कायद्यांत अधिक स्पष्ट सापडते. इथल्या राज्यसंस्थेने अपंगत्वासाठी म्हणून पैसा क्वचितच दिला. तिने दिला तो सांभाळणारे कोणी नसण्याबद्दल. हे एकदा ध्यानात आले की दिव्यांगाच्या लग्नाला वजावट का लागते, हे कोडे उरत नाही.

सुरुवात मात्र त्याहून मागे करावी लागते, कारण आपल्याकडे असा एक समज आहे की पूर्वी एकत्र कुटुंब होते आणि म्हणून अशा प्रश्नांचा जन्मच झाला नव्हता. पूर्वीचा नियम काय होता ते याज्ञवल्क्यस्मृतीत आणि बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने तिच्यावर लिहिलेल्या मिताक्षरेत आहे. ही मिताक्षरा पुढे इंग्रजी न्यायालयांनी वऱ्हाडातल्या हिंदू कुटुंबांनाही लावली. तिच्यानुसार पांगळा, आंधळा, वेडा, असाध्य रोगाने ग्रासलेला अशांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नव्हता. वाटा नाही, पण पोषण आहे. कुटुंबाने त्यांना अन्नवस्त्र दिलेच पाहिजे. याच्या पुढचे कलम आपल्या विषयाला थेट भिडते. अशा माणसाचे लग्न होईल, त्याला मुले होतील, हे शास्त्रकारांनी गृहीत धरले होते. त्याचा मुलगा निर्दोष असेल तर त्या मुलाला वाटा मिळे, मुलीचे लग्न होईपर्यंत तिचे पोषण कुटुंबाकडे असे, आणि निपुत्रिक बायकोलाही पोसावे लागे, मात्र ती सदाचरणी असली तर. नसली तर तिला घराबाहेर काढण्याची मुभा होती. वाटा नाकारणारा हा नियम अन्यायाचा होता आणि बायकोच्या वागणुकीवर पहारा ठेवणारी अट त्याहून ओंगळ होती. पण त्यातला एक तपशील नजरेतून सुटू नये. त्या जुन्या कायद्यात अपंगाने लग्न केले म्हणून त्याच्या पोषणाचा हक्क घटत नव्हता. उलट कुटुंबावरचा भार तेवढ्याने वाढत असे. १९२८ च्या कायद्याने अपंगत्वामुळे वारसा नाकारण्याची ही प्रथा मोडली, फक्त जन्मापासून वेडसर वा मतिमंद असलेल्यांचा अपवाद ठेवला, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तोही काढून टाकला. वाटा मिळाला हे चांगलेच झाले. पोषणाची जबाबदारी मात्र त्या मधल्या काळात हळूहळू सरकारच्या दाराशी येऊ लागली होती, आणि सरकारने ती स्वीकारताना वेगळीच अट घातली.

ती अट दुष्काळाच्या संहितेत आली. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यात बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला गेला आणि पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम नावाने पुन्हा वेगळा झाला. बाशीम जिल्हा होता त्याच काळात, रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८८० मध्ये दिलेल्या अहवालावरून, प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळाची झळ वऱ्हाडाला तुलनेने कमी लागली, १८९९-१९०० च्या दुष्काळाने मात्र सगळा प्रांत भाजून काढला. या संहितांचे तत्त्व सरळ होते: धडधाकट माणसाने खडी फोडावी, तलाव खोदावा आणि मजुरी घ्यावी, ज्याला काम होणारच नाही त्याला फुकट मदत द्यावी. फुकट मदतीच्या यादीत आंधळे, लुळेपांगळे, वेडे, म्हातारपणाने वा अशक्तपणाने काम न होणारे येत. पण यादीत नाव बसणे पुरेसे नव्हते. रूढीप्रमाणे ज्यांनी सांभाळायला हवे आणि ज्यांना ते परवडते असे नातेवाईक त्याला नसले पाहिजेत, अशी शर्त होती. गावोगावच्या यादीवर नाव घालणाऱ्या माणसाला म्हणून दोन गोष्टी पाहाव्या लागत. शरीराकडे पाहणे सोपे होते. खरे काम होते ते नातेवाईक हुडकण्याचे.

ही शर्त कुठून आली तेही सांगितले पाहिजे, नाहीतर ती आपल्याच मातीतली वाटेल. इंग्लंडच्या १६०१ च्या गरीब कायद्यात म्हातारा, आंधळा, लंगडा, कमकुवत अशा गरिबाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या आईबाप, आजीआजोबा आणि मुलांवर टाकलेली होती. ऐपत असलेले नातेवाईक असतील तर गावनिधीला हात लागू नये, हा तिथल्या करदात्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाला इथे ‘देशाच्या रूढी’चा शाब्दिक आधार मिळाला आणि तो घट्ट रुजला. इंग्रजांना एकत्र कुटुंबाचे कौतुक होते असे म्हणतात. कौतुक असेलही, पण त्या कौतुकाने खजिन्याचा खर्च वाचत होता हेही खरे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशीची नेमणूक मिळे. तिथे बायकामुले असणे हेच पैसे मिळण्याचे कारण होते. दुष्काळ संहितेने हा संबंध उलटा केला. माणसे असणे हे पैसे न मिळण्याचे कारण झाले.

त्या दुष्काळांच्याच दशकात, १८९८ मध्ये, कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आला, आणि तीच विचारसरणी तिथेही दिसते. जगण्याचे दिसते साधन नसलेल्या किंवा भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून आश्रमात ठेवता येई; पण एखाद्या नातेवाइकाने वा मित्राने त्याला नीट सांभाळण्याची लेखी हमी दिली तर त्याला सोडता येई. म्हणजे सरकारपुढे दोनच कप्पे होते: घर किंवा आश्रम. घर असेल तर सरकारचा संबंध नाही, घर नसेल तर घर मांडण्याचा प्रश्न नाही, कारण मिशनऱ्यांच्या कुष्ठाश्रमांत स्त्रिया आणि पुरुष वेगळे ठेवण्याचाच शिरस्ता होता. हा कप्पेबंद विचार मोडणारे काम पुढे विदर्भातच उभे राहिले. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन या वसाहतींत रोगमुक्त स्त्रीपुरुषांनी संसार केले, शेती केली, हातमाग चालवले. जगण्याचा आधार आणि जोडीदार या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी मिळू शकतात, हे तिथे प्रत्यक्षात दिसले. कायद्याला ते समजायला फार वेळ लागला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहकायद्यांतून निघाले ते थेट २०१९ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने दुष्काळ संहितेचा सांगाडा टाकून दिला नाही, त्याला माणुसकीचे कपडे घातले. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना पसरली आणि पुढे तिचा कायदा झाला. हा संहितेचा पहिला भाग: काम करू शकणाऱ्याला काम. दुसरा भाग १९८० मध्ये आला. बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. तिच्यात अपंग, अंध, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ मुले, विधवा, परित्यक्ता अशांची यादी केलेली होती आणि ती नंतर वाढत गेली. या योजनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. देशात केंद्राची सामाजिक साहाय्याची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली आणि तिच्यात अपंगांचे निवृत्तिवेतन यायला २००९ उजाडले. महाराष्ट्र त्याच्या कितीतरी आधी खेड्यातल्या आंधळ्या माणसाला दरमहा पैसे देत होता. तरीही शंभर वर्षांपूर्वीची शर्त नव्या नावाने आत आली होती. ‘सांभाळण्याची ऐपत असलेले नातेवाईक नसलेला’ याच्या जागी ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अमुक रुपयांच्या आत असलेला’ असे शब्द आले, आणि रूढीच्या जागी तहसीलदाराचा दाखला आला. योजनेच्या नियमांत दीर्घकाळ अशीही अट होती की लाभार्थ्याची मुले २५ वर्षांची झाली किंवा नोकरीला लागली की अनुदान थांबावे. मुलगा बापाला पाहतो की नाही याची चौकशी नाही. मुलगा आहे, एवढे पुरे.

आता आकड्यांकडे. काही वर्षांपूर्वीपर्यंत या योजनेत एका लाभार्थ्याला दरमहा ६०० रुपये आणि एका कुटुंबात एकाहून अधिक लाभार्थी असतील तर मिळून ९०० रुपये असा दर होता. म्हणजे रिसोडचा एक अंध तरुण आणि मालेगावची एक अस्थिव्यंग तरुणी आपापल्या घरी राहिली तर दोघांना मिळून १,२०० रुपये, आणि त्यांनी संसार थाटला तर ९००. लग्नाचा दंड महिन्याला ३०० रुपये. योगायोग असा की अमेरिकेत १९७४ पासून चालू असलेल्या गरीब वृद्ध-अपंगांच्या पूरक उत्पन्न योजनेतही नेमके हेच प्रमाण आहे. तिथे २०२५ मध्ये एकट्याला दरमहा ९६७ डॉलर आणि पात्र जोडप्याला १,४५० डॉलर मिळत. एकाला एक, तर दोघांना दीड. बचतीची मर्यादा एकट्याला २,००० आणि जोडप्याला ३,००० डॉलर, तीही १९८९ पासून हललेली नाही. तिथले अपंग या नियमाला उघडपणे लग्नाचा दंड म्हणतात आणि तो रद्द व्हावा म्हणून त्यांच्या संघटना झगडत आहेत. आपल्याकडे ६०० आणि ९०० चा तो दर पुढे गेला. रक्कम १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीत प्रहार संघटनेचे नेते बच्चू कडू यांनी अन्नत्याग केला तेव्हा दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपये ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचे अनुदान २,५०० रुपयांवर नेले. रकमेची ही लढाई आवश्यक होती. पण सगळी चर्चा रकमेभोवती फिरली आणि ती रक्कम कोणत्या मापाने नाकारली जाते ते माप जागच्या जागी राहिले.

त्या मापाचा अर्थ मजुरीत मोजला की नीट कळतो. योजनेची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये. दिव्यांगांसाठी ती ५०,००० केलेली आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने कोणी धडधाकट माणूस ६८ दिवस राबला तर २१,००० ची रेषा ओलांडली जाते आणि १६१ दिवस राबला तर ५०,००० ची. सोयाबीनच्या पट्ट्यात पेरणी, निंदण, सोंगणी आणि उरलेले महिने पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, असे वर्ष काढणारा कोणताही मजूर दिव्यांग बायकोला या योजनेतून बाहेर काढायला पुरेसा श्रीमंत ठरतो. व्यवहारात तलाठ्याचा अहवाल आणि तहसिलीचा दाखला पुष्कळदा दयेने वागतात, खरे उत्पन्न न लिहिता मर्यादेत बसेल ते लिहितात, आणि म्हणून अनेकांचे पैसे चालू राहतात. पण हक्क असा दुसऱ्याच्या दयेवर लटकत ठेवायचा का? दाखला देणाऱ्याने उद्या खरे लिहायचे ठरवले तर कायदा त्याच्याच बाजूने आहे.

केंद्राच्या योजनेत तर दया दाखवायलाही जागा कमी. तिथे दारिद्र्यरेषेखालच्या यादीत कुटुंबाचे नाव लागते, अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक लागते, आणि केंद्राचा वाटा २०१२ पासून ३०० रुपयांवर थांबलेला आहे. यादी कुटुंबाची, माणसाची नव्हे. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरच्या यादीतल्या घरातून मुलगी यादीत नसलेल्या घरात गेली की तिचे दारिद्र्य माहेरीच राहते, अपंगत्व तेवढे सोबत जाते. इथे न्यायाने हेही म्हटले पाहिजे की लग्न नेहमी तोट्याचेच ठरते असे नाही. बापाची नोकरी वा बागायत असल्याने जिला काहीच मिळत नव्हते अशी दिव्यांग मुलगी गरिबाच्या घरी गेली तर पात्रही ठरू शकते. पण यातून नियम न्याय्य ठरत नाही. आधी ती बापाच्या उत्पन्नाने मोजली गेली, नंतर नवऱ्याच्या. स्वतःच्या उत्पन्नाने एकदाही नाही.

सरकारच्या एका हाताला दुसऱ्याची खबर नसल्याचे उदाहरण पाहायचे तर ते विवाह प्रोत्साहनाच्या योजनेत आहे. १७ जून २०१४ च्या शासन निर्णयाने धडधाकट व्यक्तीने दिव्यांग व्यक्तीशी लग्न केल्यास जोडप्याला ५०,००० रुपये देण्याचे ठरले: २५,००० चे बचत प्रमाणपत्र, २०,००० रोख, ४,५०० संसारोपयोगी वस्तूंसाठी आणि ५०० रुपये स्वागत समारंभासाठी. ५०० रुपयांत वाशीममध्ये किती लोकांचे स्वागत होईल ते सोडा. मुद्दा असा की या योजनेतला जोडीदार व्याख्येनेच धडधाकट, म्हणजे कमावता असण्याची शक्यता जास्त, म्हणजे त्याच्यामुळे कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यताही जास्त. महिन्याचे १,५०० गेले तर ५०,००० ची भरपाई ३४ महिन्यांत संपते. २,५०० गेले तर वीसच महिन्यांत. त्यानंतरची सगळी वर्षे तोट्याची. आणि ज्या दोन दिव्यांगांनी एकमेकांशी लग्न केले त्यांच्यासाठी २०१४ च्या निर्णयात काहीच नव्हते, जणू त्यांचे लग्न प्रोत्साहन देण्याजोगे नाही. २०२५ च्या अखेरीस सरकारने ही चूक सुधारली, अशा जोडप्यांनाही योजनेत घेतले आणि रकमाही वाढवल्या. स्वागतच आहे. एकदाच मिळणारी ओंजळ मोठी झाली. दरमहाच्या घोटावरची अट तीच राहिली.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न खेड्याला परका आहे असे समजण्याचे कारण नाही. वऱ्हाडात पाट लावण्याची रीत जुनी आहे, नोंदणी न झालेली लग्ने आजही आहेत, आणि सोडून दिलेली बाई दुसऱ्या कोणाच्या आधाराने राहते तेव्हा त्या नात्याला गाव नाव देते, सरकार देत नाही.  निराधार योजनेत काम करते ती शिधापत्रिका: ज्यांची नावे एका कार्डावर ते एक कुटुंब. नाव चढवले नाही तर कागदावर बाई एकटी. पण चौकशीचा अहवाल गावात बसून लिहिला जातो, आणि गावाला सगळे ठाऊक असते. इथे कायद्याची एक मोठी विसंगती दिसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण दिले, आणि २०१० च्या वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे नाते ओळखायच्या कसोट्या सांगितल्या. त्यातली एक अशी की त्या दोघांनी समाजात नवराबायकोसारखे वावरलेले असावे. अमेरिकेच्या त्या पूरक उत्पन्न योजनेतही लग्न न केलेल्या जोडप्याला हीच कसोटी लागते. फरक एवढाच की आपल्याकडच्या न्यायालयात ही कसोटी उतरली तर बाईला काही मिळते आणि तिथल्या कचेरीत ती उतरली तर तिचे काही जाते. आपले निराधारचे नियम उद्या ‘आधुनिक’ करायचे ठरले तर त्यांनी पहिला मार्ग घ्यावा की दुसरा, हे आजच बोलून ठेवलेले बरे. विधवेच्या अनुदानात पुनर्विवाहाबरोबर हक्क संपतो, म्हणजे दुसऱ्या मार्गाची सवय आपल्याला आहेच.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा येतो आणि तो पोकळ नाही. एका चुलीवर दोघांचे भागते, एका छपराखाली दोघे राहतात, मग दोघांना दुप्पट का द्यावे? चूल आणि छप्पर यांच्यापुरते हे खरे आहे. पण दिव्यांगाचा जादा खर्च चुलीवरचा नसतो. तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्राचे सेल, उठवण्या-बसवण्याला लागणारा माणूस, तपासणीसाठी अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत दोघांचे भाडे, आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी: यातले काहीही जोडीदार आल्याने अर्धे होत नाही. एकमेकांच्या आधाराने राहणाऱ्या दोन दिव्यांगांच्या घरात तर यातल्या बहुतेक गोष्टी दोनदा लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने हे ओळखले आहे. इतरांना मिळणाऱ्या तशाच मदतीपेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त असावी असे ते सांगते. कायदा २०१७ मध्ये अमलात आला, तरी आपल्या योजनेत २०२५ पर्यंत दिव्यांगाला आणि इतरांना सारखाच आकडा मिळत होता. मदत जर अपंगत्वाच्या खर्चासाठी असेल तर तिचे माप अपंगत्वाला लागायला हवे. घराला ते लावले की चुलीचा हिशेब होतो, कुबड्यांचा राहून जातो.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे आणि तो गावात जास्त ऐकू येतो. माणसाला त्याच्या माणसांनी सांभाळावे. सरकार पैसे देऊ लागले तर कुटुंब हात झटकेल. याचे उत्तर कुटुंबाच्या कायद्यातच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाने बापावर सज्ञान पण शारीरिक वा मानसिक दोषामुळे स्वतःला पोसू न शकणाऱ्या मुलाला पोटगी देण्याचे बंधन घातले, कंसात मात्र ‘विवाहित मुलगी सोडून’ असे शब्द ठेवले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते तसेच उतरले आहेत. म्हणजे दिव्यांग मुलीचे लग्न झाले की बापावरचा तिचा हा हक्क गेला, निराधारचा पगार नवऱ्याच्या मजुरीमुळे गेला, आणि नवऱ्याने हाकलले तर पुन्हा परित्यक्ता म्हणून अर्ज करायला तहसिलीची पायरी. ज्या काळात ती संसारात आहे त्या काळात तिच्या हातात स्वतःचा म्हणावा असा एक रुपया नाही. कुटुंबाने सांभाळावे हे म्हणणे मला मान्य आहे. पण सांभाळ करून घेणाऱ्याच्या हातात पैसा असला की कुटुंब हात झटकते, याला मला तरी काही पुरावा दिसत नाही. खेड्यातल्या घरात दरमहा २,५०० रुपये आणणाऱ्या माणसाला कोणी ओझे म्हणत नाही. आणि मिताक्षरेने बायकोच्या सदाचरणावर जी अट बसवली होती तिच्यासारखेच हेही आहे: ज्याला पोसायचे त्याचे खासगी आयुष्य पोसणाऱ्याने तपासायचे.

उरला फसवणुकीचा आक्षेप, आणि त्याला फार वेळ द्यावा असे वाटत नाही. कुटुंबाचे उत्पन्न न मोजल्यास श्रीमंतांचे नातेवाईक रांगेत येतील, ही भीती खरी मानली तरी २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत सरकारने अडीच लाख रुपयांपर्यंतच्या कुटुंबाला पात्र धरलेच ना? धडधाकट बहिणीसाठी अडीच लाख आणि दिव्यांग बहिणीसाठी पन्नास हजार, या तफावतीला कोणतेही समर्थन नाही. शिवाय आजच्या नियमानेच लपवाछपवीला बक्षीस मिळते. लग्न नोंदवू नका, कार्ड वेगळे ठेवा, पत्ता माहेरचा द्या, असा सल्ला कोणी दिला तर तो नियमाकडे बघता शहाणपणाचाच ठरतो. प्रामाणिकपणे घर मांडणाऱ्याला तोटा आणि लपवणाऱ्याला फायदा देणारा नियम फसवणूक रोखतो असे म्हणणे धाडसाचे आहे.

आणि वेगळे माप लावता येत नाही असे तर मुळीच नाही, कारण केंद्र सरकारने ते आपल्या माणसांसाठी लावले आहे. सरकारी नोकराच्या दिव्यांग मुलाला आईबापानंतर मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन पूर्वी लग्नाबरोबर थांबत असे. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने ते लग्नानंतरही चालू ठेवण्याचा आदेश काढला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा मुलांसाठी उत्पन्नाची अटही सैल केली. दिल्लीच्या कचेरीतल्या कारकुनाच्या दिव्यांग मुलीने संसार केला तर तिचा आधार टिकतो, हे तत्त्व मान्य झाले आहे. ते मंगरुळपीरच्या शेतमजुराच्या मुलीला लागू होत नाही, याचे कारण तत्त्वात नाही. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला त्याच्या २३ व्या कलमात लग्नाचा आणि कुटुंबाचा हक्क आहे, आणि तो सरकारी नोकरांच्या मुलांपुरता लिहिलेला नाही. राज्य शासनाने निराधार योजनेच्या नियमांत दिव्यांग अर्जदारापुरते ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ हे शब्द काढून ‘अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न’ असे घालावेत, आणि लग्न झाले किंवा शिधापत्रिकेवर नाव बदलले एवढ्या कारणाने चालू अनुदान थांबवू नये असे स्पष्ट लिहावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. सामाजिक न्याय विभागाचा एक शासन निर्णय पुरतो.